अक्काची जर-तरची वही

प्रिय अक्का,

काल रविवारच्या बॅचला पुन्हा जर-तरची वाक्यं शिकवायची होती, म्हणून नमुन्यासाठी मी तुझी वही काढली. तुला जाऊन वर्ष झालं, तरी ती माझ्या इंग्रजीच्या क्लासच्या कपाटातच होती. तुझ्याइतकी सरळ वाक्यं दुसऱ्या कुणी लिहिलीच नाहीत ना! त्यातलं एक फळ्यावर लिहिलं. "इफ आय क्लाइम्ब द ब्रिज, माय चेस्ट हर्ट्स." पूल चढले की छातीत दुखतं. मी 'इफ'खाली रेघ मारत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एसटी कंडक्टर बाई म्हणाल्या, "सर, मग त्यायनी दाखवलं का कोणाला?"

म्हणून हे पत्र.

तू पंचावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायला आलीस ती जावयासाठी. तुझ्या पोरीनं केरळच्या मुलाशी लग्न केलं आणि तुझ्यात नि त्याच्यात बोलायला भाषाच नव्हती. "मी 'आजून वाढू का' म्हणायले, तर त्यो थँक्यू म्हणून उठायलाय! जावई उपाशी जायलाय माह्या घरून," असं म्हणत तू चुडाव्याहून दर रविवारी गाडीनं परभणीला यायला लागलीस. वर्गात मला 'सर' म्हणायचीस आणि वर्ग सुटला की "बाळ्या, जेवलास का रे?" किती मिरवायचो मी! माझी थोरली बहीण माझी विद्यार्थिनी!

मीच सांगितलं होतं, जर-तरची दहा वाक्यं लिहून आणा, आणि पुस्तकातली नकोत, रोजच्या जगण्यातली हवीत. तू इमानेइतबारे लिहिलीस. शेळी ओरडली तर समजावं, पाणी संपलं. लाइट गेली तर शेजारीण येऊन बसते. आणि मधेच ते पुलाचं. स्टेशनवरचा तोच पूल ना, जो तू माझ्या क्लाससाठी चढायचीस? 'दुखतं'साठी तू 'पेन्स' लिहिलं होतंस. मी ते लाल पेनानं खोडून 'हर्ट्स' केलं आणि बाजूला 'गुड' लिहिलं. गुड! कसं लिहिलं असेल मी?

त्याच दिवशी तू उशिरा आली होतीस. मी सगळ्यांसमोर बोललो, "वेळ पाळायची नसेल तर घरीच बसा." तू हसत म्हणालीस, "पुलावर जरा टेकले होते, सर." वर्ग हसला. मीही हसलो.

पण तू तरी काय गं! मराठीत एकदा बोलली असतीस तर? मला, पोरीला, कुणालाही? की वहीत लिहिलं म्हणजे बाळ्याला सांगितलंच, असं तुला वाटत होतं?

चार दिवसांनी तुला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास होता का?" मी ठामपणे म्हणालो, "छे, कधीच नाही." माझ्याच लाल अक्षरात होता गं तो त्रास, अक्का.

तू गेल्यावर पुन्हा वर्ग सुरू केला, तेव्हा जर-तरचा तिसरा प्रकार शिकवायचा होता. जे होऊन गेलं आणि आता बदलता येत नाही, त्याची वाक्यं. तुझा बाक रिकामा होता. हल्ली तो धडा मी घाईघाईनं उरकतो. उदाहरण म्हणून मला एकच वाक्य सुचतं, आणि ते फळ्यावर लिहायची हिंमत होत नाही.

जावई तुझ्या दिवसांना आला होता. मोडक्या मराठीत म्हणाला, "आई रविवारी फोन करायची. इंग्रजीत विचारायची, पोटभर जेवला का." तेवढं तुला जमलं होतं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि अपराधीही वाटलं.

काल कंडक्टर बाईंनी विचारल्यावर मी फळा पुसला आणि वर्ग लवकर सोडला. येत्या रविवारी मात्र तेच पुलाचं वाक्य पुन्हा लिहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन, "नाही, कुणाला दाखवलं नाही. तिनं मला लिहून दिलं होतं, मी चूक सुधारली आणि 'गुड' लिहिलं." आणि इथून पुढं कुणाचीही वही हातात आली, की लाल पेन आधी खिशात ठेवीन. माणूस काय सांगतंय ते वाचीन, मग चुका बघीन. शब्द देतो तुला.

तुझा,
बाळ्या