आत्याची कात्री आणि माझं कमिशन

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कामाचं कॉम्प्युटरवर आणि घरचं कागदावर, हा तुझा कायदा मी पाळतेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आपली शिवणकामाची वेबसाइट लोक हौसेनं वाचताहेत. कुठलं मशीन घ्यावं, कुठली कात्री टिकते, हे तू तीस वर्षं दुकान चालवून शिकलीस ते मी लिहून काढते, आणि तू दर सोमवारी तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांना ईमेलनं माझ्या लिंका पाठवतेस. लिंक उघडून कुणी वस्तू घेतली की ते ऑनलाइन दुकानवाले मला कमिशन देतात. पण गेले तीन महिने वाचणारे वाढले आणि कमिशन पाव हिश्श्यावर आलं. दुकानवाले म्हणतात, तुमच्याकडून फारसं कुणी येतच नाही. मला वाटतं, कुणीतरी मधल्यामध्ये माझी खूण पुसून डल्ला मारतंय. असे चोर असतात म्हणे.

ऑफिसातून घेतलेली बिनपगारी रजा मेअखेर संपते. तोवर वेबसाइट स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही, तर ती बंद करून परत त्या टेबलाशी बसायचं. बाबांपाशी एवढ्यात काही बोलू नकोस. मी तेव्हाच सांगत होतो, हे त्यांचं पालुपद सुरू होईल.

तुझ्या हाताचं थरथरणं कसं आहे? लोभ आहे तसाच राहो, जमल्यास वाढो.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चोराचं वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या दुकानात एक बाई यायच्या, नमुने डोळे भरून बघायच्या आणि शिवून घ्यायच्या पलीकडच्या गल्लीत. असल्या लोकांना मी पुरती ओळखते.

माझ्या बाजूनं मात्र काम चोख आहे. तू धाडतेस ते लिंकांचे पत्ते किती गबाळे असतात गं! दुकानाचं नाव, वस्तूचं नाव, इथवर ठीक. पुढे प्रश्नचिन्ह आणि त्याला लोंबणारी वीतभर अक्षरं नि आकडे. पूर्वी मला ते खोडता येत नव्हतं, नाइलाजानं तसंच पाठवायचे. तीन महिन्यांपूर्वी नातीनं शिकवलं. तेव्हापासून प्रत्येकाचं लोंबतं छाटते आणि मगच पाठवते. छाटल्यावर उघडूनही बघते, दुकान बरोबर उघडतं. तीस वर्षांत लोंबता दोरा ठेवून कपडा गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही, आता काय देणार!

सूनबाई म्हणते, मी सोमवारी कुणाशी बोलत नाही. खरं आहे. शिवण सुटल्यापासून तेवढाच एक दिवस कामावर गेल्यासारखं वाटतं.

चोर सापडला की आधी मला कळव. जेवत जा वेळेवर. बाकी आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत.

तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चोर सापडला. तो चष्मा लावतो आणि सोमवारी कुणाशी बोलत नाही.

आत्या, ते लोंबतं म्हणजेच माझी खूण! ती पाहून दुकानवाल्याला कळतं की गिऱ्हाईक मी धाडलं. तू ती छाटलीस की दुकान उघडतं, माल विकला जातो, फक्त पाठवलं कुणी हे कळत नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि तेही इतक्या टापटिपीनं! मी आधी डोक्याला हात लावला, मग एकटीच इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, बरं आहे ना म्हणून. चूक माझीच. ते लोंबतं कशासाठी असतं हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

आता उपाय केलाय. प्रत्येक वस्तूला आपल्याच वेबसाइटच्या नावाचा आखूड पत्ता दिला. तो उघडला की माणूस आपोआप खुणेसकट दुकानात पोचतो. लोंबतं सगळं आत, अस्तराखाली. दुकानानं काही बदललं तर दुरुस्ती एकाच जागी. नवी यादी पाठवलीय. यातलं अक्षरही छाटू नकोस, सगळी इस्त्री करून दिली आहेत.

रागावली नाहीस ना? लोभात काटछाट नको.

तुझी,
भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला हसू आलं नाही. करायला गेले एक आणि पोरीच्या तोंडचा घास काढला. तू हसण्यावारी नेलंस हा तुझा मोठेपणा. मला या कामातून मोकळी कर. हात गेले तेव्हा वाटलं होतं, डोकं तरी शाबूत आहे. आता त्याचाही भरवसा वाटत नाही. माझ्यापायी तुला वेबसाइट बंद करावी लागली तर मी तुला तोंड कसं दाखवू?

पण काम अर्धं टाकून उठायची सवय नाही. सगळ्यांना नवे पत्ते धाडले. वर लिहिलं, आधीची चूक माझी, कृपा करून हेच वापरा, म्हणजे भाचीला तिचं कमिशन मिळेल. मग तुझ्या दोनशे बारा लिंका एकेक उघडून पाहिल्या. एकोणीस बिघडलेल्या निघाल्या. काहींचा माल बंद झालाय, दोन दुकानांना टाळं आहे, आणि उत्तम कात्री म्हणून तू जिथे पाठवतेस तिथे कुत्र्यांचे पट्टे विकतात. यादी सोबत आहे. तेवढं निस्तर आणि माझ्या जागी कुणी जाणतं माणूस बघ.

आशीर्वाद तेवढे घेत जा, त्यात माझी चूक होत नाही.

आत्या

१६ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

राजीनामा नामंजूर. मधल्या पत्रांत आज बघू, उद्या बघू म्हणून तुला झुलवलं, कारण मला पुरावा हवा होता.

पूर्वी सगळ्या लिंकांवर एकच खूण असायची. या वेळी तुझ्या सोमवारच्या ईमेलसाठी मी मुद्दाम वेगळी ठेवली. काल पाहिलं. कमिशन पहिल्यासारखं झालंय, आणि विकत घेणाऱ्या दर चौघांतले तिघे तुझ्या ईमेलमधून आलेत. माझं लिखाण लोक वाचतात, छान म्हणतात आणि उठतात. पैसे खर्च करतात ते तू सांगतेस म्हणून. एवढे दिवस मला वाटत होतं, आत्याचं मन रमावं म्हणून मी तिला काम दिलंय. खरं म्हणजे वेबसाइट तूच चालवत होतीस, आणि हे तुलाही ठाऊक नव्हतं नि मलाही.

आज ऑफिसला कळवलं, मी परत येत नाही. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, शेवटी बहीण कुणाची आहे! वेबसाइटवर आता माझ्या आधी तुझं नाव आहे. सोमवारी उघडून बघ.

लोभ तुझाच, वाटेकरी मी.

भिंगरी

२२ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

उघडून बघितलं. काम चालू ठेवते, पण कुत्र्यांच्या पट्ट्यांची लिंक तू अजून बदललेली नाहीस. आळस बरा नव्हे.

तुझं पत्र मी डोळे दुखतात असं सांगून सूनबाईकडून वाचून घेतलं. दर चौघांतले तिघे, हे तिनं वाचलं तेव्हा नीट ऐकू आलं नाही म्हटलं आणि पुन्हा वाचायला लावलं. डोळेही ठणठणीत आहेत, कानही. घरातल्या सगळ्यांसमोर ते मोठ्यानं ऐकायचं होतं, बस.

नेहमीचेच आशीर्वाद, या वेळी जरा जास्त.

आत्या