मिहाईविरुद्धचं पत्र

मी, गोदावरी हिरामण मढवी, वय ७०, अविवाहित, निवृत्त स्टेनो, राहणार अंबरनाथ (पूर्व), हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. स्मरणशक्ती नको तितकी शाबूत आहे. दडपण कोणाचं नाही. पुतण्या कैलासने आणून पाहिलं, चहा पिऊन परत गेला.

१. राहता फ्लॅट व ठेवी माझ्या कमाईच्या आहेत. ते सर्व धाकटा भाऊ बाळा, राहणार बदलापूर, याला मिळावं.

२. कैलासला माझ्या वडिलांची तसबीर, हारासकट. बाळाला तो चारचौघांत 'बाळीकाकी' म्हणतो. त्याचे हे आजोबाही याच वाणाचे होते, फक्त त्यांच्या हातात लाल झेंडा होता.

३. टाइपरायटर भंगारात घालावा. कोणाला भेट देऊ नये.

४. उल्हासनगरच्या बँकेतल्या लॉकरमध्ये दोन कागद आहेत. फ्लॅटच्या किल्लीआधी ते बाळाच्या हातात द्यावेत.

पहिला कागद १९८१ चा, माझ्या पत्राची कार्बन कॉपी. बाळा रुमानियातल्या कारखान्यात शिकायला होता. रजेवर आला तेव्हा मला एकटीला म्हणाला, की तिथल्या मिहाई नावाच्या कामगारासोबतच आयुष्य काढायचं आहे. वडिलांच्या हाती मिहाईची पत्रं लागली. ते युनियनचे पुढारी. त्यांनी तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयाला कळवायचं ठरवलं. इंग्रजी घरात मलाच येत होतं. मी कचरले, तेव्हा म्हणाले, "लिव गो बाय. तिथं कामगारांचा राज हाय. त्या पोराला मारनार नाय, सुदारतील."

त्यांनी 'वाईट संगत' एवढंच सांगितलं होतं. कॉन्व्हेंटच्या नन्सनी नेमका शब्द वापरायला शिकवलेलं; मी 'अनैसर्गिक संबंध' असं टाइप केलं आणि खाली मिहाईचं पूर्ण नाव, खात्याचं नाव, पाळीची वेळ. एकही चूक नव्हती.

दुसरा कागद मिहाईच्या बहिणीचा, १९८५ चा. पोलिसांनी त्याला लेथवरूनच उचललं. आणखी कोण कोण, ते सांगेपर्यंत मारलं. त्याने बाळाचं नावसुद्धा सांगितलं नाही. पुरुषा-पुरुषांतले संबंध गुन्हा ठरवणाऱ्या तिथल्या कलम दोनशेखाली चार वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या वर्षी तुरुंगातच क्षयाने गेला. वडिलांना वाचून दाखवलं. भांडवलदारांचा अपप्रचार आहे म्हणाले आणि मोर्चाला गेले. मी कागद बाळापासून लपवला. त्या सरकारला शिव्या घालायला मला चाळीस वर्षं पुरली नाहीत, पण पत्ता त्यांना मीच दिला होता.

बाळाला व्हिसा पुन्हा मिळाला नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तो एकदा तरी म्हणतो, "गोदूताई, विसरला गं तो मला." आणि मी त्याच्या ताटात करंजी वाढते.

बाळा, तो विसरला नव्हता.

५. हे वाचून बाळाने फ्लॅट नाकारला तर मनधरणी करू नये. विकून रक्कम क्षयरोग्यांच्या दवाखान्याला द्यावी.

६. अग्नी कोणीही द्यावा, बाळाला बोलावू नये. आला तर अडवू नये. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर 'बाळाने माफ केलं' असं त्याच्या वतीने कोणी कबूल करू नये. दर्भाचा कावळा करावा आणि घरी जावं.

सही: गोदावरी हि. मढवी

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं:
१) अनंता जनू म्हात्रे, शेजारी
२) अक्षदा कमलेश पाटील, शेजारी

अंबरनाथ, दि. १८ नोव्हेंबर २०२४