उचललेला चेंडू

निपाणी,
ता. ९ मार्च २०२५

चि. उपासनास,
मामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

वि. वि. गोल्फचा एक फटका वाचवायला खरी किंमत काय पडली, ते काल दुकानात वीज गेल्यावर मांडून बघितलं. डाव्या तळहातातलं एक बारकं हाड, सात आठवडे प्लास्टर, देशातला तिसरा नंबर, परदेशातल्या दोन स्पर्धा आणि तुझ्या आईची झोप. झाडाच्या मुळाला टेकलेला चेंडू उचलून बाजूला ठेवला असतास तर दंड एका फटक्याचा होता. तू मुळासकट मारलास.

तरी तुला दोष देणार न्हाय. बेळगावच्या कॅम्पात मी सात वर्षं साहेबलोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहिल्या. सोमवारी मैदान बंद, तो आम्हा पाच पोरांचा दिवस. मी, कंग्राळीचा भरमा आणि आणखी तिघं. पाच जणांत काठी एक, चेंडू तळ्यातून काढलेले. चेंडू पडेल तिथून मारायचा, हा आमचा नियम. जो उचलेल त्यानं पुढच्या सोमवारी खेळायचं नाही, झुडपात शिरून बाकीच्यांचे चेंडू शोधायचे. सात वर्षांत मी एकदाही उचलला नाही. हे तुला शंभरदा सांगितलंय, ही एकशेएकावी वेळ.

तुझी आई, आमची ज्योत्स्नाआक्का, सांगत होती, प्लास्टर निघालंय आणि फिजिओबाईंनी रोज एक पान लिहायला लावलंय. त्याच त्या ओळी गिरवण्यापेक्षा मला पत्र लिही. फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणतेस, पण म्हणायच्या आधी थांबतेस. दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या मोटारीचं खराब बेअरिंग ओळखायला मला स्क्रूड्रायव्हर कानाला लावावा लागतो, तुझ्या थांबण्याला तेवढंही लागत न्हाय. मामीनं शेंगदाण्याची चटणी पाठवलीय. डावा हात दुखत असेल तर उजव्यानं खा, पण खा.

माया आहे तेवढी राहू दे, सूज तेवढी उतरू दे.

तुझा
यशपालमामा

*

बेंगळूर,
ता. २ एप्रिल २०२५

ती. मामा आणि मामी यांना,
सप्रेम जयभीम.

वि. वि. हे अक्षर माझंच आहे. वरच्या दोन ओळींना दहा मिनिटं लागली, तेव्हा हसू नका. चटणी डाव्याच हातानं खाल्ली. फिजिओबाईंनी ती व्यायामात धरली.

काल डॉक्टरांनी विचारलं, डावखुरी असून तू उजव्या बाजूनं का खेळतेस. मी म्हटलं, घरात काठी एकच होती, मामांची, आणि ती उजव्या हाताची. तसं खेळताना झटका डाव्या तळहातालाच बसतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, मूळ दिसत असताना दंड घेऊन चेंडू का उचलला नाहीस. आमच्यात उचलत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांना वाटलं आमच्यात काहीतरी व्रत असतं. कोणत्या वारी, असं अगदी गंभीरपणे विचारलं त्यांनी. सोमवारी, असं सांगून टाकलं.

आता खरं. या मोसमात एक तरी स्पर्धा खेळले नाही तर माझं व्यावसायिक स्पर्धांचं कार्ड जाणार, मग पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात. ऑक्टोबरातली म्हैसूरची स्पर्धा शेवटची. डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. आईला यातलं निम्मंच सांगितलंय.

तुमच्या रागासकट तुमचं प्रेम हवं.

तुमची
उपासना

*

निपाणी,
ता. २४ ऑगस्ट २०२५

चि. उपासनास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू फोनवर आवाज भरून पाठवलेले पंचवीस फटके दुकानातल्या सगळ्या मोटारी बंद करून ऐकले. एक गिऱ्हाईक बोरगावहून पंप घेऊन आलतं, त्यालाही बसून ऐकायला लावलं. तो म्हणाला, पोरगी झकास मारतेय. त्याला पंपातलंही कळत न्हाय.

टीच्या खुंटीवर ठेवलेला चेंडू तू मोकळा मारतेस. गवतातला मारताना आधी श्वास धरतेस. पंचवीसपैकी अकरा वेळा धरलास. हाडाचं काम झालंय, पोरी. तू जमिनीला भितेस.

डॉक्टरांच्या व्रताची गोष्ट मी इथं लई जणांना सांगितली, सगळे पोट धरून हसले. मामी हसली न्हाय. पोरीला हे शिकवलं कुणी, एवढंच विचारून ती माझं ताट उचलून आत गेली. माझं जेवण अजून व्हायचं होतं.

तर ऐक. म्हैसूरला चेंडू अडचणीत गेला तर उचल. दंड घे. हे मी सांगतोय.

आमच्याकडं तुझ्यासाठी काळजी भरपूर आहे, तुझ्याकडून तेवढी खुशाली येत राहू दे.

तुझा
यशपालमामा

*

बेंगळूर,
ता. १० सप्टेंबर २०२५

ती. मामांना,
सप्रेम जयभीम.

वि. वि. डॉक्टरांनी होकार दिला. म्हैसूरला खेळणार.

श्वासाचं तुम्ही बरोबर ओळखलंत, इथल्या कोचना दोन महिन्यांत कळलं नव्हतं. पण उचल म्हणून लिहिलंत ते मला बरं वाटावं म्हणून, हे मलाही कळतं. तुम्ही स्वतः कधी उचलला नाहीत. झुडपासमोर उभी राहिले की मला पत्रातला मामा आठवत नाही, सोमवारचा आठवतो.

मामींना सांगा, ताट वेळेवर देत जा. माझ्यावरचा जीव दोघांनी वाटून घ्या.

तुमची
उपासना

*

म्हैसूर,
ता. १७ ऑक्टोबर २०२५

ती. मामांना,
सप्रेम जयभीम.

वि. वि. निकाल तुम्ही फोनवर बघितलाच असेल, तरी मी लिहिते.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी चौदाव्या होलला चेंडू बांबूच्या बेटात गेला, तोडलेल्या बुंध्याला चिकटून बसला. फट होती, मारता आला असता. मी पाय रोवले, दोनदा काठी मागं नेली. दुसऱ्या वेळेला माझाच श्वास मला ऐकू आला, तुम्ही ऐकता तसा. पंचबाई घड्याळ बघायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, “मी उचलते.”

एक फटका दंड पडला. शेवटच्या फेरीसाठी मी एकाच फटक्यानं कमी पडले. बाकीच्या उद्या खेळतील, मी आईबरोबर बेळगावला निघालेय.

हात दुखला नाही. संध्याकाळपर्यंत सूजही आली नाही. कार्ड यंदापुरतं टिकलं, नंबर मात्र ऐंशीच्या पुढं गेलाय, आणि पुढच्या वर्षी कोण बोलावेल ते माहीत नाही. आईसमोर रडले नाही, म्हणून हे अक्षर असं आलंय. हाताला त्याचा दोष देऊ नका.

आपल्यातली पहिली उचलणारी मीच. भरमामामांना ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी तुम्ही सांगा. तुमचं नाव मी राखलं नाही असं वाटत असेल तर तसंही लिहा, मी वाचेन.

माझ्यावरचा लोभ एका फटक्यानं कमी करू नका.

तुमची
उपासना

*

निपाणी,
ता. २६ ऑक्टोबर २०२५

चि. उपासनास,
मामाचा सप्रेम जयभीम आणि या वेळी दुप्पट आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र मामीनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. तू उचलते म्हणालीस तिथवर वाचलं. दुखलं नाही हेही वाचलं, तेव्हा मामीनं पदर डोळ्यांना लावला. ‘आपल्यातली पहिली उचलणारी’ इथं आल्यावर मी थांबलो. मामीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिचे कानही काही कमी न्हाईत.

तू बुंध्यावर मारला असतास तर आज मला इथून कुठल्यातरी दवाखान्यात निघावं लागलं असतं. त्याऐवजी मी दुकानात बसून पत्र लिहितोय, आणि तू बेळगावात आईच्या हातचं जेवतेयस. नंबर ऐंशी असो न्हायतर आठशे, दोन्ही हात धड असलेली भाची मला पुरे. पुढं खेळायचं की नाही ते तू ठरव. खेळलीस तर मी ऐकेन, न खेळलीस तरी पत्रं चालू ठेव.

परवा कंग्राळीला भरमाकडं गेलतो. तुझं सगळं सांगितलं. पोरगी शहाणी निघाली, म्हणाला, आणि मग माझ्याकडं बघून एवढा हसला की त्याला ठसका लागला. तुझ्यासाठी रताळी दिलीत, आक्काकडं पाठवतो.

तुझ्या हाताच्या दुखण्यात माझा वाटा मोठा आहे. तो मनात न धरता, जमेल तेवढी माया ठेव.

तुझा
यशपालमामा

ता. क. भरमा का हसला ते वर लिहायला तीनदा बसलो, जमलं न्हाय. झुडपात पडलेला चेंडू आवाजावरून हुडकायची सवय मला तिथंच लागली, कारण निम्मे सोमवार मी झुडपातच असायचो. आम्हा पाच जणांत सगळ्यात जास्त वेळा चेंडू मीच उचलला होता.