तोफ गेली, मॅडम आल्या

प्रिय बडबडे,

तुझं पत्र पोचलं. आनंदात लिहिलेलं दिसतंय, अक्षर ओळ सोडून पळतंय. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचेना.

आपल्या शिवणखात्याची मुख्य, आपली तोफ, निवृत्त झाली हे तुला कळलंच असेल. बाई कडकच होती. एका तिरक्या कॉलरवरून तिने तुला सगळ्यांसमोर रडवलं आणि तू मशीन बंद करून गेलीस ती गेलीसच. कुणाचं मत घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. पण तिच्या मनात काय आहे ते खाली रस्त्यावरही ऐकू यायचं! गणवेशांचा अख्खा गठ्ठा आखूड शिवला गेला, तेव्हा मालकांसमोर "चूक माझी" म्हणाली आणि वर येऊन आपल्याला सोलून काढलं.

नव्या मॅडम आवाज चढवत नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसतात, स्वतः चहा आणून देतात, प्रत्येक गोष्टीत आमचं मत विचारतात. पोरी अगदी हुरळून गेल्या. मला मात्र पहिल्यापासून खटकत होतं. सगळ्यांच्या मनातलं काढून घेणारी ही बाई स्वतःच्या मनातलं कधी सांगते का?

मग एकदा त्यांनी कटिंगमास्तरांना विचारलं, "मास्तर, तुमच्यासाठी काय करू?" मास्तर भाबडे. म्हणाले, "दुपारी डोळ्यांना जरा विश्रांती मिळाली तर बरं." पुढच्याच आठवड्यात त्यांचा निरोपसमारंभ! मॅडम हसून म्हणाल्या, "मास्तरांनी स्वतःच विश्रांती मागितली, आपण त्यांच्या इच्छेचा मान राखू या." आम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तरही वाजवत होते, इकडेतिकडे बघत. तोफेने त्यांना कितीदा तरी "चालते व्हा" म्हटलं असेल, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कापड तीच पसरून ठेवायची.

तेव्हापासून मी जपून बोलते. तरी फसले. मॅडमनी सहज विचारलं, "ताई, तुमच्या हाताखाली सगळ्यात तयार कोण झालं?" मी कौतुकाने तुझं नाव घेतलं. म्हटलं, कामात ती मलाही मागे टाकेल. त्यांनी नुसती मान डोलावली. आणि आता तू लिहितेस, त्यांचा फोन आला, सुपरवायझर म्हणून बोलावलंय, "ताई, आता आपण दोघी पुन्हा एकत्र!"

अगं वेडे, आपल्या मजल्यावर सुपरवायझर एकच असते. ती अजून मीच आहे आणि मला कुणी अवाक्षरही बोललेलं नाही. माझा संशय खोटा ठरला तर देव पावला. तू ये, खुशाल ये, ते काम तुला नक्की जमेल. फक्त हो म्हणण्याआधी त्यांना सरळ विचार, ताईंचं काय करणार? त्या उलट तुलाच विचारतील, ताईंसाठी काय करू या? तेव्हा प्रेमापोटी माझ्या भल्याचं काही सुचवू नकोस. गप्प राहा, त्यांनाच बोलू दे. मग जे असेल ते मला तूच कळव. त्यांच्याकडून गोड ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून कडू ऐकलेलं मला चालेल.

तुझीच,
ताई