पाय धुऊन उतरा

३ एप्रिल १९८५, बुधवार

माय माय माय! पेन्सिलीनेच लिहिते, शाईची बाटली नक्की सांडेल.

सीताच्या पायातून जिवंत दोरा निघाला!

सीता माझ्या तिसरीतली. पोलीस पाटील लटारूभाऊंची नात. चार दिवस लंगडत होती. मी म्हटलं, पाढे चुकवायचं सोंग आहे. आज तर भर वर्गात ओरडले— काढ ती चिंधी, बघू काय एवढं लागलं! तिने काढली. घोट्याजवळ फुटलेला फोड आणि त्यातून पांढरं सूत लोंबत होतं. मला वाटलं चिंधीचंच आहे. चिमटीत धरलं— आणि ते हललं! आठ वर्षांची नोकरी झाली माझी, पण आज शाळेमागे जाऊन ओकले. पोरं खिडकीतून बघत होती.

शेजारच्या केसरबाई धावत आल्या. पोरीचा पाय मांडीवर घेतला. "नारू होय हा. वढू नका बाई, तुटला त पाय सडन." एका काडीला त्यांनी त्या अळीचं टोक गुंडाळलं आणि बांधून टाकलं. रोज बोटभर गुंडाळायचं म्हणे. घाई केली की संपलं.

नारूचं नाव ऐकलं होतं. डोळ्यांनी आज पाहिला. केसरबाईंनी माहेरी पाहिलेला. त्यांचे केस पांढरे झाले, पण त्यांच्या आठवणीत ह्या गावात कधी नव्हता.

आणि मी पोरीला सोंगाडी म्हटलं!

४ एप्रिल

आणखी दोघं. देवराव आणि त्याची सून. दोघांच्याही पायालाच.

६ एप्रिल, शनिवार

आज पाचवा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत माणसं घरी पाय धरून बसली आहेत. एकेकाच्या पायाला काडी बांधलेली. बघवत नाही.

गाव म्हणतं देवीचा कोप. मी म्हणते पाणी. पण पाणी तर किती स्वच्छ! विहिरी फाल्गुनातच आटल्या, सगळं गाव आता उंबराखालच्या झिऱ्यावर. नाल्यातल्या दगडातून पाणी झिरपतं, खाली कमरेएवढ्या खड्ड्यात साचतं. आणि ह्या लोकांची रीत तर शहरातल्यांनी शिकावी अशी. चपला लांब काढायच्या. काठाच्या दगडावर बसून आधी पाय धुवायचे. मगच आत उतरायचं आणि वाटीवाटीने गुंड, म्हणजे पितळी घागर, भरायचा. धुळीचा पाय घेऊन कोणी उतरलं तर म्हातारी माणसं आई-माईवरून शिव्या घालतात.

मला ही रीत इतकी आवडली की गेल्या वर्षी शाळेच्या भिंतीवर मीच गेरूने लिहिलं— "पाय धुऊन झिऱ्यात उतरा." साहेबांनी तपासणीत शाबासकी दिली होती.

मग येतो कुठून हा नारू?

८ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

सकाळी झिऱ्यावर होते. गुणाबाई माझं पाणी भरते रोज, आज मीही तिच्यासोबत गेले. आमची सहा घरं गावात. आम्ही बौद्ध. एकाच झिऱ्यावर भरतो, कोणी अडवत नाही. फक्त आपण सगळ्यांच्या शेवटी भरायचं, हे कोणी न सांगता ठरलेलं. तर शेवटी गुणाबाई पाय धुऊन उतरणार, तेवढ्यात लटारूभाऊ आले. मागे पाच-सहा जण.

"गुणाबाई, तू नको उतरू. तू मिरच्या तोडाले आंध्रात जाते. तूच आनला नारू तिकडून."

गुणाबाई आधी हसली. तिला चेष्टा वाटली. मग म्हणाली, "भाऊ, मले कुठी झाला नारू? पाहा माहे पाय." आणि खरंच दगडावर बसून तिने दोन्ही पाय पुढे केले. उलटेसुलटे करून दाखवले. एकानेही वाकून पाहिलं नाही. देवरावच्या पोराने तिचा गुंड लाथेने उलटा केला. पितळी गुंड गडगडत नाल्यात गेला.

मी काय केलं? मी माझी कळशी उचलली आणि घरी आले.

सरकारी नोकरदार मी. गावात सगळे "बाई, बाई" करतात. एक शब्द बोलले असते तर? आणि खरं सांगायचं तर— इथे तरी खरं सांगू— मलाही वाटलं की हिनेच आणला असेल. म्हणे सत्यशीला! बापाने नाव ठेवताना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१० एप्रिल

गुणाबाई आता नदीवर जाते. दीड कोस. वाळूत खड्डा करून पाणी काढते. बाकी पाच घरं गप्प. "एकटीचाच सवाल हाय, बाई. आपन बोललो त सगळ्याईचंच पानी बंद व्हायचं."

आज दुपारी दारात गुंड वाजला. बघते तर गुणाबाई! तोंड उन्हाने काळंठिक्कर. माझ्या माठात अर्धा गुंड ओतला. मी म्हटलं, अगं, मला केसरबाई देतात, तू कशाला? तर म्हणे, "बाईचा माठ मीच भरतो. वर्ष झालं. आता काऊन सोडू?"

तिच्याकडे बघवेना. चहा घे म्हटलं तर थांबली नाही.

११ एप्रिल

आरमोरीच्या दवाखान्यात चिठ्ठी पाठवली. फाट्यावर जाऊन एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिली. एकूण आठ झाले.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. झेंडा लावला, पोरींनी गाणी म्हटली. मी पाण्यावर बोलणार होते. चार पानं लिहून ठेवली होती. समोर लटारूभाऊ पाहुणे म्हणून खुर्चीवर बसलेले. मी उभी राहिले आणि शिक्षणावर बोलले.

गुणाबाईने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. तिची पोरगी माझ्या पहिलीत आहे ना.

१६ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर आले! जीपने. तरुणच आहेत, घामाने निथळत होते. मी त्यांना झिऱ्यावर घेऊन गेले, मागे सगळं गाव.

काचेच्या पेल्यात त्यांनी झिऱ्याचं पाणी घेतलं आणि उन्हात धरलं. "या, बघा जवळून." मी डोळा लावला. पाण्यात बारीक बारीक ठिपके. ठिपके उड्या मारत होते! बायका मागे सरल्या. "हे पिता तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. नारू हात लावल्याने होत नाही, हवेने होत नाही. ज्याच्या पायात नारू असतो त्याच्या फोडाची आग आग होते. गार पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. पण पाय पाण्यात गेला की ती अळी हजारोंनी पिल्लं सोडते. ती पिल्लं ह्या ठिपक्यांच्या पोटात जातात आणि ठिपके पाण्यातून आपल्या पोटात. पुढे वर्षभर काही कळत नाही. वर्षाने पाय फुटतो.

लटारूभाऊ पुढे झाले. "सायेब, पन आमी काई घानेरडे लोक नाई. आमी त पाय धुऊनच उतरतो!"

"कुठे धुता?"

"हे काय, ह्याच दगडावर. पानी वापस आतच जाते, सांडत नाई थेंबभर."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, तेच तर!"

परत येताना त्यांनी शाळेच्या भिंतीवरचं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. रागावले नाहीत. म्हणाले, "पुसा, आणि लिहा— पाण्यात उतरू नका, गाळून प्या."

शेवटी म्हणाले, "एक वर्ष मागे मोजा. गेल्या एप्रिलात ह्या पाण्यात कोणीतरी नारूचा पाय घातला आहे." सगळ्यांच्या माना गुणाबाईकडे वळल्या. डॉक्टरांनी तिला बसवलं आणि तिचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत तपासले. "हिला नारू कधीच झालेला नाही. नारू बरा झाला तरी खूण राहते. हिच्या पायावर एकही नाही."

गुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग एकदम मान खाली घातली. मला वाटलं, माझ्या बाजूने बोला म्हणते आहे. तरी मी गप्पच.

जीप गेल्यावर लटारूभाऊ म्हणाले, "डाक्टर येते नं जाते. झिऱ्यावर आमाले राहाचं हाय. जोवरी दुसरा सापडत नाई, तोवरी हीच."

१७ एप्रिल, बुधवार

आंघोळीला बसले होते. टाच घासत होते. डाव्या टाचेच्या वर, चवलीएवढा, गुळगुळीत पांढरा डाग.

तशीच ओल्या अंगाने उठले आणि ट्रंकेतून गेल्या वर्षीची वही काढली. उतरवते आहे, जशी आहे तशी—

"१७ एप्रिल १९८४. बदलीच्या गावी पोचले. एसटी सोडून तीन कोस पायी. टाचेला फोड, आग आग होते आहे, काटा रुतला असावा. नाल्यापाशी एका बाईने बसवलं आणि माझा पाय धरून झिऱ्यात बुडवला. काय गार वाटलं! अंगातला शीणच गेला. गुणाबाई तिचं नाव. मोठी मायाळू आहे."

"२० एप्रिल १९८४. फोड फुटला. रोज संध्याकाळी झिऱ्यात पाय सोडून बसते, तेव्हाच काय तो जीव शांत होतो."

"२ मे १९८४. बाजारच्या गावी कंपाउंडरने फोड कापला. दोऱ्यासारखा पू ओढून काढला. आता बरी."

पू!

आधीच्या गावात पायऱ्यांची विहीर होती. तिथल्या शिपायाला नारू झाला होता. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, की हे असले रोग अशा लोकांना होतात. मी रोज साबणाने पाय धुणारी बाई! मला कसला नारू!

सीताचा पाय. देवराव. त्याची सून. आठ जण. मी केलं हे. मी!

१८ एप्रिल

जेवण गेलं नाही. बदलीचा अर्ज लिहिला आणि फाडला. पुन्हा लिहिला आणि पुन्हा फाडला.

सांगितलं तर गावातून काढतील. सहा घरांना म्हणतील, बघा, तुमचीच निघाली. पाच वर्षं इथे मास्तर टिकला नव्हता म्हणे, मी आले तेव्हा शाळेत शेळ्या बांधलेल्या होत्या. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि ह्या खऱ्या कारणांच्या आड मी लपून बसले आहे आणि ती दीड कोस चालते आहे.

उद्या सांगणार. आई शप्पथ सांगणार.

१९ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी झिऱ्यावर, सगळ्यांसमोर. एकदा सुरू झाले आणि सगळं बोलून गेले. पाय दगडावर ठेवून डाग दाखवला. म्हटलं, नारू मी आणला, गुणाबाईने नाही. मला जे करायचं ते करा.

मला वाटलं दगड उचलतील. तर लटारूभाऊ चक्क हसले!

"बाई, चांगल्या मानूस तुमी. पन तिच्यासाठी खोटं काऊन बोलून राह्यल्या? आपल्या मानसाचं पडते मानसाले, समजते आमाले."

"खोटं नाही हो! हा डाग बघा!"

"डाग कोनाच्या पायाले नाई? काटा रुतते, दगड लागते. तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाले कुठी होते नारू?"

कानांवर विश्वास बसेना! खरं बोलायला दोन दिवस घालवले, आणि खरं बोलले तर ते खोटं? माझंच वाक्य त्यांच्या तोंडात— शिकलेल्या बाईला कुठे होतो नारू!

मी ओरडले, "गुणाबाईला विचारा! तिनेच माझा पाय पाण्यात धरला होता!" ती लांब उंबरापाशी उभी होती, नदीच्या वाटेवर. सगळ्यांनी वळून पाहिलं.

गुणाबाईने पदर नीट केला आणि म्हणाली, "मले काई आठवत नाई, बाई."

आणि गेली नदीकडे!

डोकं भणभणतं आहे. विसरली? असं कसं विसरेल! घाबरली का? की माझ्यावर राग आहे, अकरा दिवस गप्प बसले म्हणून? राग असेल तर रास्तच आहे. पण स्वतःच्या पायावर कोणी असा धोंडा पाडून घेतं का? उद्या जुनी वही घेऊन पाटलाच्या घरी जाणार. तारखेसकट वाचून दाखवणार. मग बघू कोण हसतं.

२० एप्रिल, शनिवार

वही घेऊन निघाले, तर दारातच गुणाबाई.

"नका जाऊ, बाई. डाक्टर बोलला तवाच समजलं होतं मले. तुमाले काढलं त शाळेले कुलूप लागन. माही पोरगी आता कुठी 'कमळ' लिहाले लागली. मले काय, नदी हाय."

बाजूला सरक म्हटलं तिला. सरकली नाही.