तापाच्या प्रार्थनेतली ओळ

आबा, तुमचं प्रार्थनांचं पुस्तक परत छापताहेत. त्यासाठी काल चर्चमधले तिघं इथं पिंप्राळ्याला घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, आजारी लेकराच्या प्रार्थनेतली एक ओळ बदलायची. ती आपल्या बोलीतली, देवाला दटावणारी. नव्या पाळकानं तिच्या जागी 'हे दयाळू प्रभो' असलं काहीतरी लिहून आणलेलं.

मी चौथी शिकलेली, पण ती ओळ मला वाचावी लागत नाही. पिंपळनेरच्या घरात चुलीशेजारी गोधडीत मीच पडलेली आहे, तुमची सात वर्षांची लेक, अंग तव्यासारखं. तुम्ही गुडघ्यावर बसून पुस्तकी मराठीत देवाला विनवताय. आई भाकरी थापायची थांबते आणि वर बघून म्हणते, "देवा, मनी पोर तापमा पडेल शे, अन तू काय गंमत देखी ऱ्हायना? ऊठ." केवढं झापलंत तिला. देव काय तुझ्या माहेरचा गडी आहे का, म्हणालात. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली. चौथ्या दिवशी माझा ताप उतरला, आणि त्या रविवारी उपासनेत तुम्ही नवी प्रार्थना वाचलीत, तर तिच्यात आईचेच शब्द. बाया रडल्या. आई त्यांच्यात खाली मान घालून बसलेली. तिचं नाव तुम्ही तेव्हा घेतलं नाही, पुस्तक निघालं तेव्हाही नाही. आज धरणगावापर्यंत कुठंही लेकरू आजारी पडलं की बाया उशाशी बसून तेच पान म्हणतात, आणि त्याला 'आबांची प्रार्थना' म्हणतात. याचा राग मला अजून आहे. तुम्ही मेलात म्हणून तो मी कमी करणार नाही.

पाळक म्हणाला, "अक्का, देवाशी कुणी असं बोलतं का?"

मी म्हटलं, "तुमचं लग्न होऊ द्या, लेकरू होऊ द्या, त्याला ताप भरू द्या. मग विचारा."

एकजण हसला. पाळक हलेना. बोली गावंढळ, सूर उर्मट, लोक काय म्हणतील, हेच त्याचं चाललेलं. हे आईचं आहे, असं अगदी ओठांवर आलेलं. पण चुलीपुढच्या बाईचं म्हटलं की हा लगेच पेन काढणार, ते मला दिसत होतं. मग मी म्हटलं, "आबांनी लिहिलंय ते. आबांच्या शब्दाला हात लावणारे तुम्ही कोण?"

पाळकानं आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. ओळ राहिली.

हा कागद कुठं धाडायचा नाही, तुम्हाला सुनवायचं होतं म्हणून लिहिला. पण खरं सांगते, काल आईचं नाव मीपण घेतलं नाही.