शास्त्रीबुवांचे पायमोजे

पौष वद्य तृतीया, पुणे

दिनकरने विणलेले लोकरीचे पायमोजे घालून पाठशाळेच्या आप्पाशास्त्र्यांनी आज पहाटे पूजा केली. त्यांच्या मुलानेच संध्याकाळी फडावर, कचेरीचे दप्तर आवरताना, सांगितले. म्हातारे खूश आहेत म्हणे, देवघराच्या फरशीवर आता पाय बधिर होत नाहीत.

ऐकताच मी दिनकरला गाठले.

तो फडावर माझ्याच हाताखाली; त्याला विणायलाही मीच शिकवले. स्वारीत तोफेवरच्या एका फिरंगी गोलंदाजाकडून मी ते उचलले होते. लोकर संपली की नव्या धाग्याचे टोक जुन्यावर ठेवून ओले करायचे आणि तळहातांत चोळायचे, म्हणजे गाठ मारावी लागत नाही. त्यासाठी पाण्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली होती. हा मात्र टोक तोंडात घाली. तपकिरीने माखलेली बोटे, वर ती थुंकी!

"अरे, हे सोवळ्यात घालायचे आहेत," मी म्हणालो.

"लोकरीला विटाळ नसतो, पंत. एवढी वर्षे लेखणी घासलीत, एवढेही ठाऊक नाही?"

मग हसून म्हणाला, उसवून पुन्हा विणतो. मी विश्वास का ठेवला? आज विचारले, तर म्हणतो, उसवायला वेळ कुठे होता! धाग्याच्या प्रत्येक जोडाला थुंकी, आणि ते पायांत घालून म्हातारे देवापुढे!

सांगावे, तर या थंडीत उपास करून प्रायश्चित्त घेतील. या वयात सोसायचे नाही. न सांगावे, तर...

उद्या पाठशाळेत शास्त्रीबुवा दिनकरला या पायमोज्यांबद्दल शेला देणार आहेत. शिकवणारा म्हणून मलाही बोलावणे आहे. सोवळ्यात विणलेत ना, असे ते सर्वांदेखत विचारतीलच. दिनकर हो म्हणेल. मग ते माझ्याकडे बघतील.